ऑफर ४१ लाखांची, पण टीम कुठली?

प्रश्न : वय २९. सिंहगड रोडला राहतो. बाणेरमधल्या सत्तर माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत साडेचार वर्षं बॅकएंडचं (सर्व्हरच्या बाजूच्या कोडचं) काम करतोय. पगार १८ लाख, सगळा फिक्स्ड. आता एका बड्या अमेरिकन टेक्नॉलॉजी कंपनीच्या खराडीतल्या ऑफिसमधून ऑफर आली आहे. फिक्स्ड २६ लाख, त्यावर १० टक्के बोनस, ४ लाख जॉइनिंग बोनस आणि चार वर्षांत मिळून ४० हजार डॉलरचे शेअर. एचआरच्या हिशेबाने 'एकूण ४१ लाख'. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही. इथले मित्र म्हणतात, तिकडे जाऊन एका बटणाचा रंग बदलत बसशील. आई-बाबा आमच्याकडेच असतात, बाबांना मधुमेह आहे, बायको शिक्षिका आहे. घर घ्यायचंही मनात आहे. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. काय करू?
— सिंहगड रोडचा वाचक

उत्तर : ऑफर घ्यावी असंच आमचं मत आहे, पण राजीनामा इतक्यात देऊ नका. बाबा आणि मित्र दोघंही कंपनीबद्दल बोलताहेत. तुमचा संबंध मात्र कंपनीशी कमी आणि आठ-दहा जणांच्या टीमशी जास्त येणार आहे, आणि ती टीम कोणती, याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. बहुधा ऑफर लेटरमध्येही नसेल.

मोठ्या कंपन्यांच्या पुण्यातल्या ऑफिसांत एकाच मजल्यावर दोन प्रकारच्या टीम बसलेल्या असतात. एका टीमकडे एखादी सेवा मुळापासून असते : आराखडा तिचा, कोड तिचा, रात्री बंद पडली तर जबाबदारीही तिची. दुसऱ्या टीमकडे आराखडा सिएटलहून किंवा कॅलिफोर्नियाहून येतो आणि इथे तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली सुटी कामं, बंद करायची असतात. लेव्हल (हुद्द्याची पायरी) तीच, पगार तोच, कॅन्टीनही तेच. दोन-अडीच वर्षांनी पुढच्या मुलाखतीत 'हा निर्णय तुम्ही का घेतला?' असं विचारलं की पहिल्या टीममधला माणूस अर्धा तास बोलतो आणि दुसरा 'आमच्याकडे तसं ठरलं होतं' म्हणून थांबतो. मित्र म्हणतात ते बटण दुसऱ्या टीममध्ये खरंच असतं. पहिल्या टीममध्ये सहसा नसतं.

म्हणून रिक्रूटरला कळवा की होकार देण्याआधी मॅनेजरशी अर्धा तास बोलायचं आहे. ही मागणी अगदी नेहमीची आहे, कुणाला खटकत नाही. 'टीम जॉइन झाल्यावर ठरेल' असं उत्तर आलं तर निदान विभाग कोणता आणि त्यांच्या कुठल्या प्रॉडक्टवर काम आहे ते लेखी घ्या. बोलणं झालंच, तर पुढच्या गोष्टी सरळ विचारा.

गेल्या वर्षभरातले टीमचे दोन मोठे डिझाइन डॉक्युमेंट (लेखी आराखडे) कोणी लिहिले आणि कोणी मंजूर केले? दोन्ही नावं समुद्रापलीकडची असतील तर पुण्याकडे काय उरतं ते उघड आहे. तुमच्यापेक्षा दोन लेव्हल वरचे किती इंजिनिअर पुण्यात बसतात? एकही नसेल तर तुमच्या प्रमोशनची बाजू मांडणारा जवळ कोणी नाही, आणि शिकायचं कोणाकडून हाही प्रश्न आहेच. ही जागा का रिकामी झाली? टीम वाढतेय म्हणून, की एकाच वर्षात तिघं सोडून गेले म्हणून?

ऑन-कॉलबद्दल, म्हणजे यंत्रणा अवेळी बिघडली तर धावून जायच्या पाळीबद्दल, मोघम उत्तरावर समाधान मानू नका. रोटेशनमध्ये किती जण आहेत, हे पहिलं विचारा. सहा-आठ असतील तर दीड-दोन महिन्यांत एक आठवडा येतो, तो निभतो. चार किंवा त्याहून कमी असतील तर सुट्ट्या, आजारपण धरून महिन्यातून एकदा नंबर लागणारच. मग विचारा की मागच्या महिन्यात रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये किती अलर्ट वाजले. चांगल्या मॅनेजरला हा आकडा तोंडपाठ असतो. अमेरिकेतली टीम त्यांच्या दिवसा आणि पुण्याची टीम आपल्या दिवसा, अशी वाटणी असेल तर उत्तमच.

वेळेच्या फरकाचंही गणित समजून घ्या. सिएटल आणि कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतात, हिवाळ्यात साडेतेरा. पुण्यात रात्रीचे ९ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात. साडेसातला तिकडे कोणी मीटिंगला बसत नाही, त्यामुळे आपली मीटिंग १० वर सरकते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहते. आठवड्यातून दोन संध्याकाळी गेल्या तर फारसं बिघडत नाही. चार जात असतील, तर सिंहगड रोड ते खराडीचा रोजचा प्रवास धरून दिवसाचं काय होतं ते बायकोबरोबर बसून आधीच ठरवा. मेट्रोने यायचं तर स्वारगेट गाठायचं, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची, रामवाडीला उतरून पुढे रिक्षा. कंपनीची बस किंवा कॅब असेल तर शेवटची किती वाजता सुटते ते विचारा. संध्याकाळी पाचला निघून रात्रीची मीटिंग घरून करायची मुभा आहे का, हेही विचारून घ्या. बऱ्याच टीममध्ये असते, पण लेखी कुठेच नसते.

आता पैसे. ४१ लाख हा पहिल्या वर्षाचा आकडा, आणि तोही पूर्ण हातात येत नाही. २६ लाखांत बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे १३ लाख धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ५६ हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण साडेबासष्ट हजार. हे दोन्ही बहुतेक वेळा त्या २६ मध्येच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १ लाख ५६ हजार, व्यवसाय कर अडीच हजार आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी सुमारे २ लाख ८८ हजार आयकर. उरतात १९ लाख ३५ हजारांच्या आसपास, महिन्याला साधारण १ लाख ६० हजार. घर या आकड्यावर चालवायचं. बाकीचं येईल तेव्हा येईल.

जॉइनिंग बोनसचे ४ लाख पहिल्याच पगारात येतात, पण वरच्या टप्प्यात ३० टक्के कर आणि त्यावर उपकर कापून हातात २ लाख ७५ हजार पडतात. वर्षाच्या आत सोडलंत तर कंपनी किती परत मागणार ते कलम वाचा. पुष्कळ ठिकाणी पूर्ण ४ लाख मागतात, म्हणजे न मिळालेला सव्वा लाखही तुमच्याच खिशातून जातो. 'जितके महिने काम केलं त्या प्रमाणात वजा करून' आणि 'करानंतरची रक्कम' हे दोन बदल सही करण्याआधी मागून बघा. मिळतीलच असं नाही, पण मागायची वेळ हीच. आणि दुसऱ्या वर्षी हे ४ लाख नसतात, म्हणजे कोणी पगार न कापताच ४१ चे ३७ झालेले असतात.

शेअरचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमज इथेच सगळ्यात जास्त होतात. ४० हजार डॉलर ही रक्कम फक्त सुरुवातीला शेअरची संख्या ठरवण्यापुरती असते. ग्रँटच्या वेळी, म्हणजे शेअर देऊ केले जातात तेव्हा, भाव २०० डॉलर असेल तर तुमच्या नावावर २०० शेअर लागतात, पुढे डॉलरचा आकडा विसरायचा. साधारण पद्धत अशी : पहिले बारा महिने काहीच नाही, वर्ष पूर्ण झालं की २५ टक्के, त्यानंतर दर तिमाहीला थोडे थोडे. अकराव्या महिन्यात सोडलंत तर शून्य. वर्ष पूर्ण होताना भाव १४० वर आला असेल तर ५० शेअरचे १० हजारांऐवजी ७ हजार डॉलर. वर गेला तर अर्थात जास्त. काही कंपन्या पहिल्या दोन वर्षांत अगदी कमी आणि शेवटच्या दोन वर्षांत बराचसा भाग देतात, म्हणून वेळापत्रक मागून घ्या. 'वर्षाला १० हजार डॉलर' असं गृहीत धरू नका. एचआरच्या ४१ लाखांत शेअरचे साडेआठ लाख त्याच गृहीतकावर, डॉलर ८५ रुपये धरून काढलेले दिसतात.

शेअर खात्यात जमा होतात त्या दिवशीचा त्यांचा भाव तुमचा पगार समजला जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबने कर लागतो. कंपनी सहसा काही शेअर तिथल्या तिथे विकून हा कर भरते. ५० पैकी ३४-३५ हातात उरतात. पुढे विकताना त्या दिवसानंतर वाढलेल्या किमतीवरच कर : २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर स्लॅबप्रमाणे. म्हणजे जमा होताच विकले तर जादा कर जवळजवळ काहीच नाही. तेच करा, असं आम्ही सांगू. पगार ज्या कंपनीकडून येतो, बचतही तिच्याच शेअरमध्ये अडकली तर वाईट दिवसांत दोन्ही एकदम जातात. शेअर विकला म्हणून मॅनेजर नाराज होत नाही. त्याने स्वतःचेही विकलेले असतात.

शेअर थोडे दिवस जरी खात्यात राहिले, तरी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं. आयटीआर-१ चालत नाही, किमान आयटीआर-२ लागतो. या परिशिष्टातले आकडे एप्रिल-मार्चचे नसून जानेवारी-डिसेंबरचे असतात, आणि हमखास चुकतं ते इथेच. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या शेअर-बँक खात्यांसारख्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, तरी भरण्याची सक्ती कायम आहे. डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, त्याची वजावट इथल्या करातून मागता येते. विवरणपत्रासोबतचा वेगळा फॉर्म मात्र विसरायचा नाही. आणि ६० हजार डॉलरच्या वर अमेरिकन शेअर साठू देऊ नका, कारण शेअर ज्याच्या नावावर आहेत त्याचं काही बरंवाईट झालं तर तिथला वारसा कर लागू शकतो.

वाटाघाटीत पहिल्यांदा लेव्हल, मग पैसे. सत्तर जणांच्या कंपनीतला 'सीनियर' बड्या कंपनीत बऱ्याचदा एक पायरी खाली घेतला जातो. त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही, पण पगाराची कमाल मर्यादा, पुढचे शेअर आणि कामाचा आवाका सगळं लेव्हलवरून ठरतं. वरच्या पायरीसाठी पुन्हा एक मुलाखत द्यावी लागली तर द्या. लेव्हल बदलत नसेल तर फिक्स्डपेक्षा शेअर वाढवून मागा. एचआरला तिथे हात सैल करणं सोपं जातं.

'मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी' ही बाबांची समजूत बँकेच्या काळातली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार जण कमी केले. जानेवारी २०२३ या एकाच महिन्यात गूगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि अॅमेझॉनने १८ हजारांहून अधिक कपात जाहीर केली. अशा वेळी एकेकाचं काम बघून नावं काढली जातात असं नाही. बऱ्याचदा अख्खा प्रकल्पच बंद होतो आणि त्यात चांगले रेटिंग असलेलेही जातात. म्हणून मॅनेजरला आणखी एक प्रश्न : या प्रॉडक्टमधून कंपनीला पैसे मिळतात का? जाहिरात, क्लाउड, पेमेंट असल्या कमाईच्या कामावरच्या टीम जास्त टिकतात. 'अजून प्रयोग सुरू आहे' असं उत्तर आलं तर काम मजेचं असेल, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच तिकडे जा.

घराबद्दल. बिल्डरकडे किंवा बँकेत ४१ लाखांचा आकडा तोंडातून काढू नका, उगाच मोठा फ्लॅट दाखवतील. २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी ८० लाखांच्या कर्जाचा हप्ता ६९ हजार ४०० च्या आसपास बसतो, म्हणजे तुमच्या हातात येणाऱ्या फिक्स्डच्या ४३ टक्के. हे जड जाईल. ६० हजारांच्या हप्त्यात साधारण ६९ लाखांचं कर्ज बसतं, तिथे थांबा. बोनस आणि शेअरचे पैसे आले की मुद्दलात भरा. पहिलं वर्ष मात्र घर घेऊच नये, कारण त्या वर्षात तुम्हाला टीम आवडली नाही तर निघता यायला हवं.

बाबांसाठी मात्र ही नोकरी खरंच सोयीची आहे. बड्या कंपन्यांच्या समूह विम्यात आई-वडिलांना घेता येतं आणि मधुमेहासारख्या जुन्या आजारालाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. हप्ता कोणाचा, खोलीभाड्यावर मर्यादा आहे का आणि प्रत्येक दाव्यात किती टक्के तुम्हाला भरायचे, हे विचारा. पण नोकरी सुटली की हे छत्र शेवटच्या दिवशीच जातं. आई-बाबांची स्वतंत्र पॉलिसी आधीच नसेल तर याच वर्षी घ्या. जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असतो, तो समूह विम्याच्या आधाराने निघून जाईल.

कामाचं रोजचं रूप तुम्हाला पहिले सहा महिने खटकेल. बाणेरमध्ये सकाळी सापडलेली चूक संध्याकाळी ग्राहकाकडे दुरुस्त होऊन जाते. तिकडे डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवायचा तर आधी डिझाइन डॉक्युमेंट, शेजारच्या दोन टीमची संमती, सिक्युरिटी आणि प्रायव्हसीची तपासणी, मग एक टक्का वापरकर्त्यांना, दोन दिवसांनी दहा टक्के, असं करत पंधरवडा जातो. यातला काही भाग निव्वळ कागदी घोडे असतो. पण बराचसा भाग कोट्यवधी लोक वापरणारी यंत्रणा चालू असतानाच कशी बदलायची याचं शास्त्र आहे आणि ते लहान कंपनीत शिकायला मिळत नाही. यंत्रणा कोसळल्यावर लिहिलेले जुने अहवाल कंपनीच्या आत सगळ्यांना खुले असतात. पहिल्या महिन्यात त्यातले दहा वाचून काढा, तेवढं कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. तिथली कोड बांधायची (बिल्ड सिस्टिम), तो चालू करायची (डिप्लॉयमेंट) आणि त्यावर नजर ठेवायची (मॉनिटरिंग) साधनं, हे सगळं कंपनीने घरीच बनवलेलं असतं. ते वापरण्यात तुम्ही कितीही तरबेज झालात तरी बाहेर त्याला गिऱ्हाईक नाही. पोस्टग्रेस, काफ्का, कुबरनेटिस या बाहेर सगळीकडे चालणाऱ्या साधनांवरचा हात सुटू देऊ नका. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या वेळेत काहीतरी चालू ठेवा. पण त्याआधी बौद्धिक संपदेचं कलम वाचा आणि आत्तापर्यंत स्वतः केलेले प्रकल्प जॉइन होतानाच यादीत लिहून द्या. नंतर ते तुमचे होते हे सिद्ध करणं कटकटीचं असतं. बाहेर पैसे घेऊन दुसरं काम करायचं नाही. पीएफच्या नोंदीत दुहेरी नोकरी दिसू शकते.

रेटिंग ज्या बैठकीत ठरतं तिथे तुम्ही नसता. मॅनेजर तुमच्या वतीने बोलतो आणि त्याला मार्चमधलं काम नोव्हेंबरमध्ये आठवत नसतं. दर शुक्रवारी दहा मिनिटं देऊन काय केलं, कोणाची अडचण सुटली, आधी आणि नंतरचा आकडा काय, हे लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याला दाखवा. ही नोंद कंपनीच्याच सिस्टिममध्ये ठेवा. आतले आकडे स्वतःच्या ईमेलवर पाठवल्याने नोकरी जाऊ शकते.

आता निघण्याचा क्रम. लेखी ऑफर हातात, टीमचं नाव ईमेलवर आणि बॅकग्राउंड तपासणी पूर्ण, हे तिन्ही झाल्यावरच राजीनामा. नोटीस ९० दिवसांची असेल तर शेवटची तारीख ठरवण्याआधी ग्रॅच्युइटीचं विचारा. कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा लागते. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाच्या आधारे चार वर्षं आणि २४० दिवसांनंतरही काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. साडेचार वर्षं अधिक तीन महिने, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या जरा पलीकडे जाता. बेसिक महिना ६० हजार असेल तर रक्कम सुमारे १ लाख ७३ हजार होते. नव्या कंपनीला लवकर हवे आहात म्हणून नोटीस विकत घेऊन, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, दोन महिने आधी निघालात तर ही शक्यताही जाईल, तेव्हा तो खर्च त्यांच्याकडून मागा. पीएफ काढू नका, जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. आणि वर्षाच्या मध्ये बदलताय तर इथलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्हीकडे खालच्या टप्प्यांचा कर धरला जातो आणि जुलैत एकदम लाखभर भरायची वेळ येते.

राजीनामा दिलात की सध्याची कंपनी २२-२३ लाख देऊ करून थांबवायला बघेल. खराडीच्या टीमची उत्तरं समाधानकारक असतील तर थांबू नका. ती उत्तरं वाईट आली असतील, म्हणजे आराखडा तिकडचा, ऑन-कॉल चार जणांत आणि आठवड्यातून चार रात्री मीटिंग, तर बाणेरला राहणं शहाणपणाचं आहे. पण मग राजीनाम्यापर्यंत जाऊच नका. आधीच मालकांशी बोला, आणि पगाराच्या आकड्याबरोबर पुढच्या वर्षी कोणता भाग पूर्णपणे तुमच्याकडे असेल आणि हाताखाली किती जण असतील, हे ईमेलवर मागून घ्या.